नाडीबरोबर उडणारी गाठ

तळोद्याच्या सरकारी दवाखान्यात मी जेवढी डोकी शिवली, तेवढे सदरे तिथल्या शिंप्यानेही शिवले नसतील. बाजाराचा दिवस, लग्नसराई, होळी, कोणाची शेळी कोणाच्या कपाशीत शिरली, काहीही कारण पुरत असे. साठ सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. नंदुरबार, शहादा, तळोदा हे सगळे तालुके तेव्हा धुळ्याकडून चालत, आणि धुळ्याला आमची आठवण देवीची लस टोचायची वेळ आली की तेवढी होई. दवाखान्यात डॉक्टर मी एकटा. हाताखाली एक कंपाउंडर आणि एक नर्सबाई. नर्सबाई बहुधा कुठल्यातरी पाड्यावर बाळंतपणाला गेलेल्या असत. मी दर वर्षी बदलीचा अर्ज करी आणि दर वर्षी तो कोणाच्यातरी टेबलाखाली गडप होई. पुढे पुढे अर्ज करायचाही कंटाळा आला.

फुटलेल्या डोक्यात तसं अवघड काही नसतं. रक्त भारी वाहतं आणि नातेवाईक त्याहून भारी ओरडतात. केस भादरायचे, जखम धुवायची, टाके घालायचे. भीती असते ती न ओरडणाऱ्याची. मार खाऊन जो गुपचूप झोपी जातो, ज्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसायला लागते, त्याच्या कवटीच्या आत रक्त साचत असतं. त्याच्यासाठी तळोद्यात बसून माझ्याच्याने काही होत नसे. तशी काही माणसं माझ्यासमोर गेली. त्यांची तोंडं अजून आठवतात आणि आठवली की पुढ्यातलं जेवण जात नाही.

तिसरी एक तऱ्हा असते, ती फसवी. कानशिलावरून एक धमनी वर जाते. तिच्याखाली लगेच हाड आणि वर फक्त कातडी. काठीचा फटका बसला की बिचारी काठी आणि हाड यांच्यामध्ये चिरडते. पुरती तुटली तर रक्त येतं, आपण बांधून टाकतो, प्रश्न मिटतो. पण कधी कधी तिची भिंत अर्धवटच फाटते. वरची जखम भरून येते, माणूस कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी तिथे एक टेंगूळ वाढायला लागतं. दिसायला अगदी गळवासारखं. आत मात्र पू नसतो, वाहतं रक्त असतं. गळू समजून कोणी त्यावर सुरी चालवली तर समोरची भिंत लाल होते. म्हणून शिकताना आमचे एक मास्तर सांगत, डोक्यावरची कुठलीही गाठ कापण्याआधी तिच्यावर बोट ठेवा आणि थोडा वेळ तोंड बंद ठेवा.

होळी होऊन बरेच दिवस झाले होते. उन्हाने दवाखान्याचे पत्रे सकाळपासूनच तापलेले. बाजाराचा दिवस असल्यामुळे ओसरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्या गर्दीतून दोघे आत आले. एक तिशीच्या आसपासचा, डोक्याला फडकं गुंडाळलेला. दुसरा त्याच्याहून वयाने मोठा, रुंद खांद्यांचा. त्याने धाकट्याचं कोपर असं धरलं होतं की जणू सोडलं तर तो पळून जाईल. दोघेही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतले भिल्ल. घरी त्यांची बोली वेगळी, पण बाजारात आणि दवाखान्यात ते अहिराणीत बोलत. मला इतक्या वर्षांत ती समजायला लागली होती. बोलायला गेलो की कंपाउंडर तोंड फिरवून हसे, म्हणून मी आपलं मराठीच बोलत असे.

बोलायचं काम थोरल्याकडे होतं. "गाठ शे," तो म्हणाला. "कापी टाक."

फडकं सोडलं. डाव्या कानशिलावर लिंबाएवढी गाठ. तिच्यावर आणि भोवती डाम दिल्याचे काळे-गुलाबी चट्टे. डोकं दुखतं म्हणून घरच्या घरी तापल्या लोखंडाने डागलं होतं, आणि त्या डागण्यांत खाली आधीची काही खूण असलीच तर ती पार जळून गेली होती. मी गाठीवर बोट ठेवलं आणि तोंड बंद केलं. बोट उडत होतं. मनगटावरची नाडी धरली. दोन्ही बरोबरीने चालत होत्या. स्टेथोस्कोप लावला तर आतून नळीतून पाणी जावं तसा आवाज येत होता, थांबून थांबून. कानापुढची शीर दाबली तशी गाठ मऊ पडली, बसली. पण पुरती थांबली नाही. अगदी बारीक अशी उडत राहिली.

तिथेच माझं घोडं अडलं. फाटलेल्या धमनीच्या गाठीला वरच्या टोकाकडूनही थोडं रक्त येतं, त्यामुळे ती अशी किंचित उडू शकते. पण दुसरीही एक गाठ असते, जन्मापासून आत दडलेली. तिच्यात एक धमनी नसते, रक्तवाहिन्यांचं सबंध जाळं असतं, डोकंभर पसरलेलं. दोन ठिकाणी बांधलं म्हणून ती थांबत नाही. तिला हात घालायचा तर मोठं इस्पितळ लागतं, द्यायला रक्त लागतं, आणि माझ्याकडे तर उकळलेलं पाणीसुद्धा स्टोव्हच्या मर्जीवर अवलंबून होतं. दोन्हींत फरक कळायला सगळ्यांत सोपा प्रश्न एकच: मार बसला होता का?

मी तो विचारला.

"नही," थोरला म्हणाला.

"तुला नाही विचारत. याला विचारतोय. काय रे, डोक्याला लागलं होतं?"

धाकट्याने जमिनीकडे पाहिलं. "ते सांगानं नही," तो म्हणाला.

"पडलास का झाडावरून?"

"मी कसाले पडू?" त्याला ते जरा लागलंच. झाडावरून पडणारा माणूस आपण दिसतो तरी का, असा त्याचा चेहरा झाला.

"मग गाठ आली कशी?"

"ऊनी." आली म्हणजे आली, संपलं.

कंपाउंडर माझ्या कानाशी लागला. तो तळोद्याच्याच जुन्या मुसलमान घरातला, माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेला आणि गप्पांना कायम भुकेला. "साहेब, भांजगड व्हई गयी व्हई. झाकी मूठ शे, राहू द्या."

ते माझ्याही लक्षात आलंच होतं. भांजगड म्हणजे त्यांच्या पंचांचा निवाडा. भांडण झालं की पंच झाडाखाली बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, चुकलेल्याने काय द्यायचं ते ठरवतात. बोकड शिजतो, दोघे एकाच पानाच्या द्रोणातून मोहाची दारू पितात, आणि भांडण तिथे संपतं. त्यानंतर ज्याने तो विषय पुन्हा तोंडातून काढला, तो गुन्हेगार. आमच्याकडे एका बांधासाठी आजा, बाप आणि नातू कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तेव्हा मला ही रीत फार शहाणपणाची वाटे. पण डॉक्टरला तिचा उपयोग शून्य. ही गाठ नेमकी बोकड शिजून पचल्यानंतर उगवते.

मी वैतागलो. बाहेर गर्दी कुरकुरत होती, एका पोराला ओकाऱ्या चालू होत्या, आणि सदरा पाठीला चिकटला होता. मी सांगून टाकलं, "लागलं नसेल, तर ही जन्माची गाठ. मी इथे कापणार नाही. धुळ्याला जा."

"धुळाले नही जाऊ," धाकटा म्हणाला. तापी ओलांडून जायचं म्हणजे त्यांच्या लेखी परदेशच. धुळ्याला गेलेला त्यांच्याकडचा एक माणूस परत आलाच नव्हता, हेही त्याने सांगितलं. "तू नही कापशी ते गावमा कापी लेसूत."

गावात म्हणजे कोणीतरी वस्तरा तापवणार आणि गळू म्हणून फोडणार. तो घरच्या अंगणात, बायकापोरांसमोर, रक्त जाऊन मरणार. मी ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. हात करून चिळकांडी कशी उडते ते दाखवलंही. धाकट्याने ऐकून घेतलं, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि बाहेर जाऊन ओसरीत बसला. हट्ट नव्हता तो. मरायला तयार असलेल्या माणसाची शांतता मी पाहिली आहे, ती तशी असते. मला त्याचा राग आला. इतक्या लोकांना जगायचं असूनही मला वाचवता येत नाही आणि हा बाबा हाताशी आलेला जीव टाकून निघाला होता.

थोरला मात्र हलला नाही. मी पुढच्या रोग्याला बोलावलं, त्याची जीभ पाहिली, औषध सांगितलं. थोरला तसाच उभा.

"मार बसेल व्हता, तर तू आठेच कापशी?" त्याने विचारलं.

"हो. आजच."

"वाची जाई?"

"बहुतेक वाचेल."

त्याने एकदा ओसरीकडे पाहिलं. मग मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "मी मारं त्याले. काठी व्हती. होळीना दुसरा दिन. आठे." आणि स्वतःच्या डाव्या कानशिलावर हात ठेवला.

धाकटा ओसरीतून धावतच आत आला. मघाची शांतता कुठल्या कुठे गेली. "तू काबरं बोलना?" तो ओरडला. "तू काबरं बोलना रे?" त्याने थोरल्याला छातीवर ढकललं. रुंद खांद्यांचा तो माणूस हललाही नाही, त्याने हातही उचलला नाही.

"मंग काय मन्ही बहीननं कुकू पुसू देऊ?" तो म्हणाला.

तेव्हा कुठे मला सगळं कळलं. थोरला हा धाकट्याच्या बायकोचा भाऊ. नवराबायकोत काहीतरी होऊन ती भावाकडे निघून आली होती. नवरा न्यायला गेला, होळीची दारू दोघांच्याही पोटात होती, शब्दाने शब्द वाढला आणि काठी बसली. पंचांनी निवाडा दिला: भावाने बोकड द्यायचा, बाईने नवऱ्याच्या घरी परत जायचं, आणि या गोष्टीचं नाव कोणी काढायचं नाही. नाव काढलं की निवाडा मोडला. निवाडा मोडला की बाई पुन्हा भावाच्या दारात. मार कसा बसला हे सांगितलं तर बायको जाणार आणि नाही सांगितलं तर जीव. इकडे आड, तिकडे विहीर. आणि गड्याने तोंड दाबून विहीर पत्करली होती.

मी म्हणालो, ओसरीतल्यांना यातलं काही कळलं नसेल, आणि इथे जे ऐकलं ते माझ्या आणि कंपाउंडरच्या पोटात राहील. जखम केव्हाच भरलेली, तक्रार कोणाची नाही, फौजदाराला बोलावण्याचंही मला कारण नव्हतं. थोरल्याने मान हलवली. "पंचस्ले मीच सांगसू," तो म्हणाला. बोललेलं लपवायचं असतं हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. मला त्याच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी कापायला घेतलं. नर्सबाई नव्हत्याच. कंपाउंडर हत्यारं उकळून घेऊन कातडी बाजूला धरायला उभा राहिला. कानापुढची शीर दाबून धरायला कोणीतरी हवं होतं. मी थोरल्याचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवून घेतले आणि त्याचं बोट नेमकं जागेवर ठेवलं. "काही झालं तरी सोडायचं नाही," मी म्हणालो. बधिर करायची सुई दिली. धाकटा जागाच होता, छताकडे बघत.

कानाच्या वर, बोटाच्या थोडं पुढे, छेद घेतला आणि धमनी शोधली. ती सुतळीएवढी जाड झाली होती. तिला रेशमाचा दोरा दोनदा बांधला. मग गाठीच्या पलीकडे, केसांत, दुसरं टोक बांधलं. दुसरी गाठ आवळली तशी ती किंचितशी धडधडही थांबली. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. जाळं नव्हतं, एकच धमनी होती. थोरला खरं बोलला नसता तर मी सुरी उचलली नसती. मग गाठ सगळीकडून सोडवून सबंध बाहेर काढली.

या सगळ्या वेळात थोरल्याचं बोट जागेवरून केसभर सरकलं नाही. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता तो कंपाउंडर मधूनमधून पुसत होता. शेवटी धाकटाच म्हणाला, "इतलं जोरमा नको दाबू रे. तवय बी इतलंच जोरमा..." आणि जीभ चावून गप्प झाला. कंपाउंडरला हसू आवरेना. मलाही थोडं आलं. थोरला हसला नाही.

मी गाठ ट्रेमध्ये कापून दोघांना दाखवली. आत काळं रक्त थरावर थर जमलेलं होतं आणि मधोमध ताज्या रक्ताची पोकळी. पू नव्हता. धाकट्याने बराच वेळ पाहिलं. संध्याकाळच्या आत दोघे परत निघाले, या वेळी कोपर न धरता, एकामागे एक.

टाके काढायला धाकटा आला तो थोरल्याशिवाय. जखम सुरेख भरली होती. बोट ठेवलं, खाली नुसतं हाड लागलं. त्याच्याबरोबर एक बाई होती, ती दाराच्या बाहेरच थांबली. कमरेवर तान्ही मुलगी. मी विचारलं, "मेव्हणा कुठाय?"

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. थोरल्याने पाड्यावर पोचल्या पोचल्या पंचांना जाऊन सांगितलं की मी बोललो. पंच पुन्हा बसले. बाईला भावाकडे परत पाठवायचं असंच ठरत होतं. धाकट्याने त्यांचे पाय धरले, डोक्यावरची पट्टी दाखवली, हा बोलला म्हणून मी जिवंत आहे असं सांगितलं. पंचांनी बाईला नवऱ्याकडे राहू दिलं. पण शब्द मोडला तो मोडलाच. शिक्षा अशी झाली की पुढली होळी पेटेपर्यंत भावाने बहिणीच्या पाड्यात पाय ठेवायचा नाही, बहिणीने भावाच्या उंबऱ्यावर जायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. आईबाप कधीच गेलेले. तिला माहेर म्हणून तेवढा भाऊच होता.

एक टाका निघत नव्हता, त्याच्याशी उगाच जास्त वेळ खेळत बसलो. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त थकवा आला. माणूस वाचवला तरी हिशेब कुठेतरी दुसरीकडे चुकतोच, असं काहीतरी मनात येत होतं.

तेव्हा ती बाई दारातून पहिल्यांदा बोलली. "डाक्टर, हाऊ दवाखाना सरकारना शे ना?"

"हो."

"आठे पंचस्ना हुकूम चालस का?"

मी कंपाउंडरकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. "इथे आजारी माणसाला कोणी अडवत नाही," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि नवऱ्याला घेऊन गेली.

पुढच्या बाजाराला गर्दीत थोरला दिसला. "डोकं दुखस," तो म्हणाला. मी त्याला ओसरीच्या एका टोकाला बसायला सांगितलं. थोड्या वेळाने ती आली, पोरीला घेऊन. तिचंही डोकं दुखत होतं. ती दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये वीसेक खोकणारी, कण्हणारी माणसं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण ओठ हलले नाहीत. हुकूम मोडायचा नव्हता. माझ्या ओसरीत तो चालत नसला, तरी त्यांच्या मनात चालतच होता.

मग दर बाजाराला तसंच. मी दोघांना तेच गुलाबी पाणी बाटलीत भरून देई. ती मला सांगायची आणि तो ऐकायचा. तो मला विचारायचा आणि ती ऐकायची. "डाक्टर, तठे पानी पडनं का?" मला काय ठाऊक त्यांच्या पाड्यात पाऊस पडला की नाही? मग ती मला सांगे, "पडनं, डाक्टर. जवारी उगी गयी." पहिल्यांदा मी चिडलो. हातात सुई, समोर तापाने फणफणलेला म्हातारा, आणि यांच्या घरची जोंधळ्याची चौकशी माझ्यामार्फत. पुढे सवय झाली.

थंडी पडायला लागली होती, तेव्हाच्या एका बाजाराची गोष्ट. मी एका हाताला पट्टी बांधत होतो. ती आपल्या टोकावरून म्हणाली, "डाक्टर, मन्ही पोर चालाले लागनी." आणि तिने पोरीला जमिनीवर उभी करून सोडून दिली. पोरगी माणसांच्या पायांना धरत धरत निघाली. कुठल्या आजाऱ्याचा गुडघा, कुठल्या म्हातारीचं लुगडं पकडत सबंध ओसरी तिने पार केली आणि मामाच्या मांडीला येऊन अडखळली. मुलीशी बोलायला बंदी नव्हती. त्याने तिला उचललं आणि तोंड तिच्या पोटात खुपसलं.

मी पट्टी बांधायचा थांबलो होतो. थोरल्याने बऱ्याच वेळाने तोंड वर काढलं. डोळे लाल झालेले.

"डाक्टर," तो म्हणाला, "तिले सांग, पोर चालनी, देखं मी."

मी वळून तिला सांगितलं.